गिअर ऑइल ताकासारखं पांढरं झालं? ट्रॅक्टर हलवू नका; खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आधी हे वाचावं

अकोला/दर्यापूर : पावसाळा जोरात असतो, ट्रॅक्टर नाल्यातून, चिखलातून जातो, रात्री वावरातच उघड्यावर उभा राहतो. आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी सहज गिअरबॉक्सचं गेज काढून पाहतं आणि तेल मधासारखं दिसण्याऐवजी ताकासारखं किंवा दुधाच्या चहासारखं दिसतं. ट्रॅक्टर तर नीट चालत असतो. गिअर पडतात, लिफ्ट उचलते, आवाजही नसतो. त्यामुळे बहुतेक जण म्हणतात, ‘सोयाबीन निघू दे, मग पाहू.’ इथंच नुकसान होतं. तेल पांढरं होणं म्हणजे त्यात पाणी शिरलं आहे, आणि ट्रॅक्टर चालत असतानाच हे पाणी आतून बेरिंग, गिअर आणि हायड्रॉलिक पंप खात असतं. आवाज यायला लागतो तेव्हा तेल बदलून भागत नाही, चेंबर खोलावं लागतं.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या दुखण्याला आणखी एक कारण जोडलेलं आहे, ते म्हणजे खारं पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. त्याचं क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. तेच पाणी ट्रॅक्टर धुवायला वापरलं जातं आणि रेडिएटरमध्येही ओतलं जातं.

समुद्रावरच्या बोटींचं दुखणं वऱ्हाडात कसं?

कोकणात रत्नागिरीच्या मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातल्या मासेमारी बोटींना हा त्रास नेहमीचा. बोटीच्या इंजिनाला आणि पंख्याला जोडणारा एक गिअरबॉक्स असतो. त्याचं तेल तापतं, म्हणून ते एका कूलरमधून फिरवतात. मोठ्या बोटींत अनेकदा या कूलरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून तेल फिरतं. खाऱ्या पाण्यानं एखादी नळी सडली, तिला टाचणीएवढं भोक पडलं की समुद्राचं पाणी तेलात मिसळतं. तेल पांढरं होतं. खलाशांना ही खूण पाठ असते. नळ्या वाचाव्यात म्हणून अशा कूलरमध्ये जस्ताचा तुकडा बसवतात. गंज आधी जस्ताला खातो, नळीला नाही. तो तुकडा झिजला की नवा टाकतात.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये असा पाण्याचा कूलर नसतो, पण पाणी शिरण्याच्या वाटा इथंही आहेत आणि शिरल्यावर जे होतं ते दोन्हीकडे सारखंच आहे. एक फरक लक्षात घ्यावा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी तेवढं खारट नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची जास्तीत जास्त मर्यादा लिटरला २ ग्रॅम आहे, आणि या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी ती ओलांडतात.

हिशेब साधा आहे. समजा लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेलं पाव लिटर पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलं, तर पाऊण ग्रॅम क्षार आत गेला. समुद्राचं पाणी असतं तर पावणेनऊ ग्रॅम गेला असता. एका वेळेला हा फरक मोठा वाटतो. पण ट्रॅक्टर दर आठवड्याला धुतला जातो. चेंबर तापलं की पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार आतच राहतो. पुढच्या वेळी पुन्हा थोडा क्षार त्यात पडतो. पाणी उडतं, मीठ राहतं, हे एवढं वाक्य ध्यानात ठेवलं तरी पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

थोड्याशा पाण्यानं एवढं काय बिघडतं?

गिअरचे दोन दाते एकमेकांवर दाबले जातात तेव्हा मध्ये तेलाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. दाब वाढला की तेल त्या जागी घट्ट होतं आणि लोखंडाला लोखंड लागू देत नाही. पाण्यात हा गुण नाही. दाब आला की पाणी बाजूला सरकतं आणि लोखंड लोखंडाला घासतं. बेरिंगच्या गोळ्यांचंही तसंच.

दुसरं म्हणजे गंज. ओलावा आणि हवा मिळाली की लोखंड गंजतं. त्या पाण्यात मीठ असलं की गंजाचा वेग वाढतो, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाचीच क्रिया आहे. मिठामुळे लोखंड सगळीकडे सारखं गंजत नाही. जागोजागी बारीक खड्डे पडतात. बेरिंगच्या गुळगुळीत पट्टीवर मोहरीएवढा खड्डा पडला की प्रत्येक फेरीला गोळी त्यावर आपटते, कडा तुटतात, लोखंडाचा चुरा तेलात मिसळतो आणि तो चुरा मग बाकीच्या भागांना घासत फिरतो.

तिसरं, कंपनीनं तेलात गंज आणि झीज रोखणारी औषधं घातलेली असतात. पाण्यानं ती निकामी होतात आणि तळाला चिकट गाळ बसतो. हा गाळ हायड्रॉलिकच्या जाळीत अडकला की लिफ्ट हळू उचलते किंवा झटके देते.

यासाठी फार पाणी लागत नाही. चेंबरमध्ये ४० लिटर तेल असेल तर हजारात एक भाग पाणी म्हणजे फक्त ४० मिलि, टपरीवरच्या चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढं. साधारण एवढ्या पाण्यानंतर तेल धुरकट दिसू लागतं. म्हणजे डोळ्याला पांढरं दिसतं तोवर बेरिंगचं आयुष्य घटायला सुरुवात झालेली असते.

पाणी शिरतं कुठून?

नवं तेल ओतण्याआधी वाट शोधावी लागते, नाहीतर आठ दिवसांत नवं तेलही पांढरं होतं. नेहमीच्या वाटा अशा :

१. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट. उन्हानं हा रबर चिरतो. ट्रॅक्टर उघड्यावर उभा असला की पावसाचं पाणी दांड्यावरून ओघळत थेट गिअरबॉक्समध्ये जातं. जुन्या ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात आधी इथं पाहावं. हा भाग स्वस्त आहे, पण सहसा कोणी बदलत नाही.

२. ब्रीदर. चेंबर तापलं की आतली हवा बाहेर सोडणारं हे छोटं टोपण असतं. ते हरवलं तर पाणी सरळ आत जातं. चिखलानं बुजलं तर वेगळा घोटाळा होतो, तो पुढे दिला आहे.

३. तेलाचं झाकण आणि गेज. झाकणाचं वायसर गेलेलं, गेज नीट न बसलेलं, किंवा झाकणाच्या जागी चिंधी कोंबलेली.

४. चाकाकडची ऑइल सील. नाला ओलांडताना चाकाचा मधला भाग पाण्यात बुडतो. सील झिजलेली असली की पाणी आत येतं.

५. टिपिंग ट्रॉलीचा पाइप. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचं, गिअरचं आणि मागच्या चेंबरचं तेल एकच असतं. ट्रॉलीचा पाइप चिखलात पडला, तोंड न पुसता जोडला की पाणी आणि माती दोन्ही आत जातात. दुसऱ्याची ट्रॉली जोडली तर तिच्या जॅकमधलं जुनं तेलही आपल्या ट्रॅक्टरमध्ये येतं.

६. प्रेशरचं पाणी. वॉशिंग सेंटरवर किंवा घरच्या पंपावर नळीचा झोत ब्रीदर, गिअर दांडा आणि सीलवर मारला की जिथं पाऊसही जात नाही तिथं पाणी घुसतं.

चौथ्या वाटेत एक गोष्ट सहज सुटते. दिवसभर रोटावेटर मारून चेंबर तापलेलं असतं आणि तसाच ट्रॅक्टर नाल्यात धुवायला घातला जातो. गरम चेंबर थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. आत २० लिटर हवा असेल आणि चेंबर ७० अंशांवरून ३० अंशांवर आलं, तर ती हवा दोन लिटरहून जास्त आकसते. तेवढी जागा भरायला चेंबर बाहेरून हवा ओढतं. ब्रीदर बुजलेला असेल किंवा पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी ओढलं जातं, तेही चांगल्या दिसणाऱ्या सीलमधून. म्हणून कामावरून आलेला ट्रॅक्टर तासभर थंड होऊ द्यावा, मग धुवावा.

धुवायला पाणी कोणतं?

अकोट-तेल्हारा भागाला वान धरणाचं आणि दर्यापूर-अंजनगाव भागाला शहानूर धरणाचं नळाचं पाणी मिळतं, पण ते पिण्यालाच पुरत नाही तर ट्रॅक्टरला कुठून आणणार? तरी काही गोष्टी हातात आहेत.

शेततळं असेल तर त्यातलं पावसाचं पाणी धुण्यासाठी उत्तम. घराच्या टिनावरचं पाणी दोन ड्रममध्ये साठवलं तरी शेवटचा हात मारायला पुरतं. पहिला चिखल बोअरच्या पाण्यानं काढावा लागलाच तर शेवटी दोन बादल्या गोडं पाणी ओतून खार धुऊन टाकावा आणि कापडानं पुसावं.

एक चूक मात्र नक्की टाळावी. गावातल्या आरओ प्लांटमधून जे पाणी फेकलं जातं ते वाया जाऊ नये म्हणून काही ठिकाणी गाड्या धुवायला वापरतात. पण आरओ पिण्याच्या पाण्यातला क्षार काढतो आणि तो सगळा या फेकलेल्या पाण्यात जातो. म्हणजे हे पाणी मूळ बोअरपेक्षाही खारं असतं. त्यानं अंगण सारवावं, ट्रॅक्टर धुवू नये. शंका असेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे पेनासारखं टीडीएस मीटर असतं, त्यानं आपल्या पाण्याचा आकडा एका मिनिटात कळतो.

तेलात पाणी आहे का? घरी करायच्या तीन तपासण्या

गेज पाहणं. सकाळी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी गेज काढून पांढऱ्या कापडावर पुसावं. तेल पिवळसर, तपकिरी, पारदर्शक असेल तर ठीक. पांढरट, फेसाळ, राखाडी असेल तर पाणी आहे. तेल टाकलं नसतानाही गेजवर पातळी वर चढली असेल तर ती पाण्यानंच चढली. ट्रॅक्टर नुकताच चालवला असेल तर हवेच्या बुडबुड्यांमुळेही तेल फेसाळ दिसतं. असा फेस अर्ध्या तासात बसतो, पाण्याचा पांढरेपणा बसत नाही.

तळाचा नट. पाणी तेलापेक्षा जड असतं. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा असेल तर पाणी तळाशी बसतं. सकाळी खाली डबा धरून ड्रेन नट थोडासा सैल करावा, पूर्ण काढू नये. आधी पाण्याचे थेंब आले आणि मग तेल, तर संशय मिटला. पण पाणी आलं नाही म्हणून तेल चांगलंच आहे असं समजू नये. आजकालच्या तेलांत पाणी घोळून राहतं, खाली बसत नाही.

गरम पळीची परीक्षा. स्वयंपाकात न लागणारी जुनी लोखंडी पळी चांगली तापवावी, विस्तवापासून बाजूला घ्यावी आणि तिच्यावर तेलाचा एकच थेंब टाकावा. तडतड आवाज आला, बुडबुडे आले तर पाणी आहे. शांतपणे पसरलं तर नाही. ही तपासणी उघड्यावर करावी, तोंड लांब ठेवावं, मुलांना जवळ येऊ देऊ नये. थेंब पेटत्या विस्तवावर टाकू नये.

पांढरं झालं, आता काय?

ट्रॅक्टर जिथं आहे तिथंच थांबवावा. टोचन लावून ओढत नेला तरी मागची चाकं फिरतात आणि चाकांबरोबर आतले गिअर फिरतात. शक्य असेल तर मिस्त्रीलाच वावरात बोलवावं आणि तेल तिथंच काढावं.

सगळे नट उघडा. गिअरबॉक्सचा एक, मागच्या चेंबरचा एक, आणि काही मॉडेलमध्ये दोन्ही चाकांकडे वेगळे. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या एक्सलचं तेल वेगळं असतं, तेही पाहावं. एकच नट उघडून तेल बदललं तर जुनं पाणी कोपऱ्यात राहतं आणि नव्या तेलात मिसळतं. नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलं ते पाहावं. बारीक काळा लेप नेहमीचा असतो. टोकदार तुकडे किंवा पापुद्रे दिसले तर आत मोडतोड झाली आहे आणि चेंबर खोलूनच पाहावं लागेल.

जाळी आणि फिल्टर. हायड्रॉलिकची जाळी काढून धुवावी. कागदाचा फिल्टर धुवू नये, नवाच टाकावा.

एक धुवण तेलाचं. काळ्या मातीचा गाळ फार बारीक असतो. तो आणि क्षार तेल काढल्यावर आपोआप बाहेर येत नाही, भिंतीला आणि दात्यांना चिकटून राहतो. म्हणून त्याच प्रतीचं स्वस्तातलं नवं तेल गेजच्या खालच्या खुणेपर्यंत भरावं. ट्रॅक्टर जागेवरच, लोड न देता, कमी रेसवर १०-१५ मिनिटं चालवावा, लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी. मग तेल गरम असतानाच पूर्ण काढावं. ते पांढरट निघालं तर पुन्हा एकदा तसंच करावं. खारं पाणी शिरलं असेल तर दोन वेळा धुवणं टाळू नये. बोटींच्या गिअरबॉक्सलाही हेच करतात.

डिझेलनं धुवावं का? अनेक ठिकाणी चेंबरमध्ये डिझेल ओतून ट्रॅक्टर चालवतात. हे धोक्याचं आहे. डिझेलमध्ये वंगण नसल्यासारखंच असतं आणि बेरिंग त्या दहा मिनिटांतच घासलं जाऊ शकतं. झाकण उघडून हातानं पुसायला, जाळी धुवायला डिझेल चालेल. ट्रॅक्टर मात्र त्यावर चालवू नये, आणि नवं तेल भरण्याआधी डिझेल थेंबन्‌थेंब निथळू द्यावं.

वाट बंद करा. रबरी बूट, ब्रीदर, झाकणाचं वायसर, सील. ज्या वाटेनं पाणी आलं ती दुरुस्त झाल्याशिवाय महागाचं तेल ओतू नये.

तेल पुस्तकात लिहिलेलंच. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकात तेलाची प्रत आणि लिटर दिलेले असतात. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्यांना त्यासाठीचं वेगळं तेल लागतं. त्यात साधं ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं तर ब्रेक ओरडतात, धरत नाहीत आणि लिफ्टही जड चालते. दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणाला तरी पुस्तक पाहावं.

पुन्हा तपासा. १० तास चालल्यावर एकदा आणि ५० तासांनी एकदा गेज पाहावं. पुन्हा धुरकट दिसलं तर वाट अजून उघडी आहे.

‘पाणी खाली बसू द्या आणि तेल परत वापरा’

चाळीस लिटर तेल म्हणजे मोठा खर्च, त्यामुळे हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. ड्रममध्ये तेल आठ दिवस ठेवलं की पाणी खाली जातं, वरचं तेल गाळून परत भरतात. दिसायला ते पुष्कळ साफ होतं. पण घोळलेलं पाणी त्यात राहतंच, क्षार आणि बारीक गाळ कापडातून गाळला जात नाही आणि तेलातली औषधं तर आधीच संपलेली असतात. उकळून पाणी काढणं त्याहून वाईट. गरम तेलात पाणी उसळतं, अंगावर उडतं, आगही लागते. आणि पाणी गेलं तरी मीठ तेलातच राहतं. तेलाचा खर्च वाचवताना क्राऊन-पिनियन आणि बेरिंग गेले तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, शिवाय ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो आणि भाड्यानं दुसरा लावावा लागतो.

काढलेलं तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा वावरात फेकू नये. खारपाणपट्ट्यात गोडं पाणी आधीच कमी, त्यात तेलाची भर नको. ते डब्यात साठवून जळकं तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याला द्यावं.

इंजिनाचं तेल पांढरं झालं तर?

गिअरचं तेल आणि इंजिनाचं तेल वेगळं. इंजिनाचं गेज पांढरं निघालं तर पाणी बहुधा बाहेरून आलेलं नसतं, रेडिएटरचं असतं. हेडचं पॅकिंग जळालेलं असतं किंवा लायनरचे रबर सुटलेले असतात. आणि इथं खारं पाणी थेट दोषी ठरतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की आत पांढरा थर बसतो, इंजिन तापतं, आणि क्षारानं लायनरला बाहेरून खड्डे पडतात. बोटीच्या कूलरच्या नळीला भोक पडतं, तसाच हा प्रकार. म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घालावं, निदान आरओचं पिण्याचं पाणी तरी. बोअरचं पाणी फक्त वावरात अडकल्यावर नाइलाज म्हणून, आणि घरी आल्यावर ते काढून टाकावं.

पुरात बुडालेला ट्रॅक्टर : चावी फिरवू नका

जुलै २०२१ मध्ये मोर्णेचं पाणी अकोल्यात घरांत शिरलं. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुरानं वावरंच्या वावरं खरडून नेली. अशा पुरात ट्रॅक्टर बुडाला की पाणी ओसरल्यावर पहिला मोह होतो तो सुरू करून पाहण्याचा. तो आवरावा. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर स्टार्टर मारताच पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिन उतरवावं लागतं.

योग्य क्रम असा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढावेत, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती चिखलाची रेघ त्यात दिसली पाहिजे. बॅटरीची वायर काढावी. तलाठ्याला आणि विमा कंपनीला कळवावं, पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या ट्रॅक्टरचं नुकसान त्यातून मिळत नाही. फुल विमा असेल तर पुराचं नुकसान धरलं जातं, पण बुडालेलं इंजिन सुरू करून झालेली मोडतोड कंपनी अनेकदा नाकारते. चावी न फिरवण्याचं हे दुसरं कारण. त्यानंतर मिस्त्रीकडून इंजिन, गिअरबॉक्स, मागचं चेंबर, डिझेल टाकी, एअर क्लीनर सगळं रिकामं करून घ्यावं. पुराचं पाणी खारं नसलं तरी गाळानं भरलेलं असतं. बुडालेला ट्रॅक्टर जितके दिवस तसाच उभा राहील तितका आतला गंज वाढतो, म्हणून पाहणी झाली की तेल काढण्याचं काम लांबवू नये. विमा पाहणीला उशीर होत असेल तर कंपनीला तसं लेखी कळवून, व्हिडिओ काढत तेल काढून घ्यावं.

पाण्यातल्या मोटारीलाही तोच नियम

विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायच्या काही मोटारींत आत पाणी भरूनच त्या उतरवतात. भरताना मिस्त्री शेजारच्या टाकीतलंच बोअरचं पाणी ओततो. खारपाणपट्ट्यात हे करू नये. आत भरायचं पाणी स्वच्छ आणि गोडं असावं, दोन बाटल्या आरओचं पाणी त्यासाठी पुरेसं होतं. तेल भरलेली मोटार असेल तर दुरुस्तीला काढल्यावर तेलाचा रंग जरूर पाहावा. पांढरं असेल तर सील गेलेली आहे. फक्त वायंडिंग बांधून उपयोग नाही, सील बदलली नाही तर नवी वायंडिंगही जळेल.

वर्षातून चार वेळा, दोन मिनिटं

पेरणीच्या आधी एकदा, पोळ्याच्या सुमारास पाऊस भरात असताना एकदा, सोयाबीन निघाल्यावर एकदा आणि हरभरा-गव्हाच्या हंगामानंतर एकदा, एवढं गेज पाहिलं तरी पाणी लवकर सापडतं. ट्रॅक्टर शेडमध्ये ठेवता येत नसेल तर निदान गिअरच्या दांड्यावर रेनकोटचं कापड किंवा ताडपत्रीचा तुकडा बांधावा. नाल्यातून जायचंच असेल तर पाणी चाकाच्या मधल्या नटांच्या वर येणार नाही अशी जागा धरावी, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गेज पाहावं.

आपल्या मॉडेलला किती लिटर आणि कोणतं तेल लागतं हे पुस्तक हरवल्यामुळे कळत नसेल तर कंपनीच्या डीलरकडे चेसिस नंबर सांगून विचारता येतं. यंत्रांच्या देखभालीबद्दल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते. तेलाची प्रत आणि मागचं तेल कधी बदललं ती तारीख चेंबरच्या झाकणाजवळ पेंटनं लिहून ठेवावी. ट्रॅक्टर घरातला कोणीही चालवो, मिस्त्री कोणताही येवो, त्याला विचारावं लागत नाही.